धरतीमायेचा पहिला नवरा

वाइआपू नदीकाठ,
१४ फेब्रुवारी १९६१

श्री. व्याहीबुवा तेओने यांस,
पिरिहिराचा सप्रेम न. वि. वि. ('सप्रेम' हा शब्द हाताच्या सवयीने पडला. पडला तर पडला, खोडत नाही.)

तुमच्या नातीला मागणी घालून आम्ही सगळे सुखरूप घरी पोचलो. दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत बोट अशी हलली की माझ्या धाकट्या जावेने तुमच्याकडचं जेवण सगळ्या माशांना वाटून टाकलं. रीपेका मला पसंत आहे, हे आधी लिहिते. पोर हसते मोकळी, खाते पोटभर आणि माझ्यासमोर वाकून बोलत नाही. आमचा नातू हेनारे वेलिंग्टनच्या धक्क्यावर माल चढवतो, तिथे बोट चेंगरलं म्हणून तिच्या दवाखान्यात गेला, आणि बोट बरं झाल्यावरही महिनाभर पट्टी बदलायला जात होता, हे मला आत्ता कळलं. त्याला मी तीन महिन्यांचा असल्यापासून वाढवलं. पण इतका चलाख असेल असं वाटलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही आमच्या स्वागताला उभे राहिलात, वंशावळ सुरू केलीत, ठीक. जगाआधीच्या शून्यापासून सुरू केलीत, ठीक. त्यानंतरच्या अंधाराची एकेक रात्र मोजलीत, माझे पाय सुजले, तरी ठीक. पण पुढे भर अंगणात, चाळीस माणसांसमोर, तुम्ही म्हणालात की धरतीमाय आधी सागरदेव ताकारोआची बायको होती! तो परगावी गेला आणि तिने आभाळाशी संसार थाटला! मग तो परत आला आणि त्याने भाल्याने आभाळाच्या मांड्या फोडल्या!

व्याहीबुवा, आमच्याकडे रांगी, म्हणजे आभाळ, आणि धरतीमाय हे पहिलं आणि एकच जोडपं. त्यांची मिठी इतकी घट्ट की मुलांना अंधारात कूस बदलायला जागा नव्हती. मग त्यांच्यातल्या तानेने पाठ आईला टेकवली, पाय बापाला लावले आणि रेटा दिला, तेव्हा जगात उजेड आला. बाप अजून तिच्यासाठी रडतो, त्याला आपण पाऊस म्हणतो. यात पहिला नवरा कुठे बसतो? आईबद्दल असं कुणी बोलतं का?

लग्न ३ जूनला आमच्या सभाघरात आहे. तिथे पाहुण्यांच्या बाजूने तुम्हीच बोलणार. तेव्हा ताकारोआचं आणि त्या मांडीचं नाव काढायचं नाही, ही माझी एकच अट.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा. वाढवायचा की नाही ते तुमचं उत्तर आल्यावर पाहू.

आपली,
पिरिहिरा

*

मोएराकी,
२ मार्च १९६१

सौजन्यमूर्ती विहीणबाई पिरिहिरा यांना,
तेओनेचा दुरूनच, म्हणजे हात पोचणार नाही इतक्या अंतरावरून, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सोबत तीती या समुद्रपक्ष्यांची एक पिशवी पाठवतो आहे, मागच्या हंगामातले आहेत, स्वतःच्याच चरबीत मुरलेले. जानेवारीत तुम्ही रागाने ताट अर्धं टाकून उठलात ते माझ्या मनाला लागलं होतं. माझ्यावर रुसा, पक्ष्यांनी काय केलंय?

आता आपल्या आईबद्दल. विहीणबाई, यात तिची बदनामी कुठे आहे? ताकारोआ गेला कशाला, तर बाळाची वार पुरायला. चार दिवसांचं काम. गेला तो गेलाच. बाईने किती दिवस दार उघडं ठेवून बसायचं? शेजारी आभाळ. रोज दिसणारं, देखणं, अंगावर ओणवलेलं. जे व्हायचं ते झालं. आमच्याकडे यावर कुणी भुवईसुद्धा उचलत नाही. उलट आमच्या आज्या म्हणायच्या की चूक असेल तर उशीर करणाऱ्याची.

रीपेकाचं पत्र आलं. तिने आणि हेनारेने आपलं भांडण ऐकून पोटं धरली म्हणे. दोघं म्हणतात की म्हाताऱ्यांना जग कसं सुरू झालं ते ठरवू दे, आम्ही तोवर पडदे शिवतो.

अटीचं जरा अवघड आहे. त्यावर सवडीने लिहितो.

लोभ असावा. रागही असू द्या, फक्त त्याला लोभाच्या पलीकडच्या कुशीला निजवा.

आपला,
तेओने

*

वाइआपू नदीकाठ,
२० मार्च १९६१

श्री. तेओने यांस,
न. वि. वि.

पक्षी मिळाले. पिशवी रिकामी परत करायची नसते म्हणून वाळवलेलं समुद्रशेवाळ भरून पाठवते. याचा अर्थ समेट झाला असा काढू नये. पक्षी चांगले होते, हे खरं आहे म्हणून लिहिते.

मी भोळी बाई आहे पण वेडी नाही. 'वार पुरायला गेला', 'चार दिवसांचं काम', 'शेजारी रोज दिसणारं, देखणं'! एकेक शब्द निवडून निवडून लिहिलात. आणि वर 'मांड्या'! तुम्हाला मांडीचं कुणी सांगितलं? माझ्या जावेने? बोटीत जेवण ओकली, तसं तुमच्याकडे हेही ओकली का ती? की हेनारेला काही कळलंय आणि त्याने रीपेकाला सांगितलं? पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट उकरून देवादिकांच्या नावाखाली मला भर अंगणात ऐकवायची, आणि वर चरबीतले पक्षी पाठवायचे! गोड बोलून गळा कापणारी माणसं खूप पाहिली.

तुम्हाला इतकंच बोलायचं असेल तर लग्न आमच्या सभाघरात होणार नाही. पोरांना वेलिंग्टनला सरकारी कचेरीत सही करून मोकळं होऊ दे. मी येणार नाही. हेनारे माझा एकुलता एक आधार आहे, आणि त्याच्याच लग्नाला मी नसेन. पण ती गोष्ट माझ्या पोराच्या कानावर मी पडू देणार नाही.

लोभाचं काय करायचं ते तुम्हीच बघा.

पिरिहिरा

*

मोएराकी,
३१ मार्च १९६१

आदरणीय विहीणबाई,
तेओनेचे दोन्ही हात जोडून न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा. देवाशपथ सांगतो, मला काही कळलेलं नाही. कुठली गोष्ट? कसले पन्नास वर्षांपूर्वीचे? मांडीचं मला माझ्या आजोबांनी सांगितलं, मी सात वर्षांचा असताना, जाळं विणता विणता. त्यांना त्यांच्या आजोबांनी. तुमची जाऊ बिचारी आमच्याकडे होती तोवर तोंडात घास नाही असा एक क्षण गेला नाही. ती सांगणार कधी?

तुम्हाला दुखवायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तरी दुखवलं. त्याबद्दल म्हाताऱ्याला क्षमा करा.

पण ताकारोआ का सोडता येत नाही तेवढं ऐकून घ्या. मला भांडण आवडतं म्हणून नाही (आवडतं, ते वेगळं). आमचं सगळं कूळ समुद्राचं. रीपेकाचा धागा त्याच्यातून खाली येतो. शिडीची एक पायरी काढली तर वरची जागच्या जागी राहतात, पण खालची सगळी माणसं लोंबकळतात. लग्नाच्या दिवशी पोर तुमच्या अंगणात उभी राहील तेव्हा ती कुणाची कोण, हे जगाच्या आरंभापासून कुणीतरी बोलायलाच हवं. एखादा पूर्वज अडचणीचा आहे म्हणून गाळला, तर त्याला काही होत नाही. तो मेलेलाच आहे. होतं ते जिवंत नातवंडाला.

उद्या आम्ही घरचे सगळे पक्ष्यांच्या बेटांवर तीतीची पिल्लं धरायला निघतो, ते मेअखेर परतू. रीपेका आणि तिच्या दोन आत्या तेवढ्या वेलिंग्टनला आहेत. पत्र टाकलंत तर मासेमारीची होडी बेटावर आणून देते, वारा असेल तसं.

लग्न मोडू नका. लोभ तुटू देऊ नये, एवढीच विनंती.

आपला,
तेओने

*

वाइआपू नदीकाठ,
१२ एप्रिल १९६१

ती. तेओने यांस,
पिरिहिराचा ओशाळा न. वि. वि.

म्हणजे तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं. आणि मीच पत्रातून दवंडी पिटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. आता अर्धं कळलंच आहे तर उरलेलं ऐका, आणि वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाला. बेटावर चूल तरी असेलच.

हेनारेचा बाप म्हणजे माझा थोरला, एरुएरा. तो क्रीटच्या लढाईत कामी आला. सगळे त्याला माझ्या नवऱ्याचा, हाकोपाचा मुलगा समजतात. तो हाकोपाचा नव्हता. अठराव्या वर्षी माझं लग्न डोंगरापलीकडच्या पारातेनेशी झालं होतं. एरुएरा झाला तेव्हा पारातेने त्याची वार घेऊन निघाला, त्याच्या गावच्या जमिनीत पुरायला. चार दिवसांचं काम. वाटेत बंदरात लोकरीचं जहाज लागलं होतं. शहाणा म्हणाला, एक फेरी मारून येतो. तीन वर्षं! पत्र नाही, निरोप नाही. आणि शेजारी हाकोपा. रोज दिसणारा. देखणाही होता हो, काय लपवायचं आता.

तीन वर्षांनी पारातेने उगवला, तेव्हा माझ्या कडेवर दुसरं मूल आणि पोटात तिसरं. नदीच्या मुखाशी वाळूत दोघं भांडले. पारातेनेच्या हातात बाम मासे मारायचा भाला होता. हाकोपाच्या दोन्ही मांड्यांतून गेला. मग पारातेनेनेच रडत रडत त्याला पाठीवर घेऊन माझ्या दारात आणून टाकलं आणि निघून गेला. हाकोपा जन्मभर लंगडला. नातवंडांना कारण दर आठवड्याला निराळं सांगायचा, कधी शार्क, कधी घोडा, कधी कैसरचा शिपाई. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण खरं कारण आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नाही.

आता सांगा. जानेवारीत तुम्ही उभे राहून हेच्या हेच सांगायला लागलात तेव्हा मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हा माणूस माझ्या खिडकीखाली उभा होता की काय!

पारातेने अजून आहे. डोंगरापलीकडून कुणाच्या मयताला, कुणाच्या लग्नाला येतो, शेवटच्या बाकावर बसतो. सत्तेचाळीस वर्षं मी त्याच्याकडे पाहिलेलं नाही. ताट मात्र भरलेलं जातं.

तुमची शिडी वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. पायरी मीही काढलीच आहे. पण व्याहीबुवा, हेनारेला आता काय सांगू? पंचवीस वर्षं खोटं सांगितलं म्हणून तो माझं तोंड पाहणार नाही. लग्न होईल, आमच्याच सभाघरात होईल. तेवढं ते नाव घेऊ नका. पदर पसरते.

लोभ अजून उरला असेल तर कळवावे.

तुमची विहीण,
पिरिहिरा

*

पक्ष्यांचं बेट,
८ मे १९६१

प्रिय विहीणबाई,
चरबीने माखलेल्या हातांनी स. न. वि. वि. कागदाला वास येईल, सहन करा.

तुमचं पत्र होडीने काल आलं. मी ते पक्ष्यांच्या बिळांजवळ उभा राहूनच उघडलं. 'एक फेरी मारून येतो' इथवर आलो आणि हसता हसता माझा पाय बिळात गेला. गुडघ्यापर्यंत आत, आणि आतून पक्ष्याच्या पिल्लाने अंगठा पकडला. मुलं धावत आली, त्यांना वाटलं आबा गेले. पत्र चुलीत घातलं. जळताना फार सुंदर दिसलं.

मग मात्र मी हसू शकलो नाही. सत्तेचाळीस वर्षं हे एकटीने पोटात ठेवलंत. आम्हाला ताकारोआची गोष्ट सात वर्षांच्या पोरांपुढे सांगता येते. तुम्हाला स्वतःची स्वयंपाकघरातही सांगता आली नाही.

भाषणाचं मी आत्ता काही कबूल करत नाही. विचार करतोय. इथे विचार करायला वेळ भरपूर, रात्री पक्षी कोकलतात त्यामुळे झोप नाहीच.

लोभ उरला आहे का विचारता? बेटावर दुसरं आहे काय! पक्षी, पाऊस आणि लोभ.

तुमचा,
तेओने

*

वाइआपू नदीकाठ,
६ जून १९६१

प्रिय व्याहीबुवा,
पिरिहिराचा सप्रेम न. वि. वि. (या वेळचा 'सप्रेम' जाणूनबुजून लिहिला आहे.)

होडीच्या बिनतारी यंत्रावरून धाडलेली तुमची तार लग्नाच्या सकाळी आली. वादळ, होडी निघत नाही, आमची वाट पाहू नका. वाऱ्याचा देव आईबापांची ताटातूट झाल्यापासून रागावलेला आहे हे माहीत होतं. पण त्याने आमचाच मुहूर्त धरावा? दोनशे माणसं आली होती. तापल्या दगडांच्या खड्ड्यात रताळी आणि डुकराचं मांस शिजत होतं, शेवंडी लाल होऊन वाट पाहत होत्या. थांबणार कसं?

तुमच्या बाजूने फाटकातून आत आल्या तिघीच, रीपेका आणि दोन आत्या. आमच्यातल्या एका बाईने स्वागताची साद घातली, त्या हातात हात घालून अंगण ओलांडून आल्या. आमच्याकडून माझा चुलतभाऊ नेपिया बोलला, नेहमीप्रमाणे लांबण लावून. मग पाळी पाहुण्यांची. पाहुण्यांचा बाक रिकामा. रीपेका मान ताठ ठेवून उभी होती, पण खालचा ओठ दाताखाली धरलेला. ती कुणाची कोण, हे सांगायला माणूस नव्हता.

असं झालं की यजमानांनी आपला एक बोलणारा पाहुण्यांना उसना द्यायचा, ही रीत तुमच्याकडेही असेल. नेपियाने इकडेतिकडे पाहिलं. सगळे म्हातारे बूट न्याहाळू लागले, कारण तुमची वंशावळ कुणाला येते? आमच्या किनाऱ्यावर बायकाही उभ्या राहून बोलतात. मी काठी उचलली, नव्या चावऱ्या बुटांनी अख्खं अंगण ओलांडलं आणि तुमच्या बाकावर जाऊन बसले. नेपियाने मला विचारलं की भर थंडीत तुला ऊन लागलंय का.

तुम्ही विचाराल, मला तुमची वंशावळ आली कशी? रागाने ऐकलेलं कुणी विसरतं का! जानेवारीत घरी येईपर्यंत आगगाडीत, बोटीत, मोटारीत मी तुमचा एकेक शब्द पुटपुटत भांडत आले होते. शून्य आलं, रात्री आल्या, एकही चुकली नाही. आणि मग तो आला. तुमचा ताकारोआ.

मी थांबले. गाळून पुढे जाता आलं असतं, तिथे कुणाला कळलं असतं? पण रीपेका माझ्याकडे पाहत होती. ती मान हलवून एकेक पायरी मोजत होती हो! मग मी घेतलं नाव. मोठ्याने. तो वार घेऊन गेला, त्याला उशीर झाला, ती आभाळाची झाली, त्याने भाला मारला, सगळं. आणि माझी जीभ एकदा उतारावर लागली ती थांबेचना. पुढच्याच दमात म्हणाले की यात नवल काय, माझंही असंच झालंय. पारातेनेचं, जहाजाचं, वाळूतलं, मांडीचं, सगळं सांगून टाकलं. एरुएरा पारातेनेचा, म्हणून हेनारेही त्याचा, हेही. आणि डोळे मिटून उभी राहिले.

काही झालं नाही.

व्याहीबुवा, डोळे उघडले तर पोरं चघळत होती, नेपिया जांभई देत होता, आणि माझी जाऊ तिच्या लेकीला सांगत होती की बाई, शेवटी सुटली एकदाची. सगळ्यांना माहीत होतं! अख्ख्या नदीकाठाला! हेनारेला नऊ वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. तो म्हणाला की आजीला लाज वाटते म्हणून कुणी विषय काढायचा नाही, असं त्याला हाकोपानेच बजावलं होतं. सत्तेचाळीस वर्षं मी गावापासून लपवत होते आणि गाव माझ्यापासून लपवत होता. मी इतकी हसले की काठी पडली.

पण बोलणाऱ्यामागे त्याच्या बाजूने गाणं झालं पाहिजे, नाहीतर बोलणं उघडं पडतं. माझ्या बाजूला तिघी दक्षिणेच्या, त्यांना आमची गाणी कुठून येणार? तेवढ्यात शेवटच्या बाकावरून पारातेने उठला. बाहत्तर वर्षांचा, टोपी हातात. अंगण ओलांडून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि गायला लागला. आवाज गेलाय पार, सूरही नव्हता. पण दुसऱ्या ओळीला मी धरलं, तिसरीला सगळ्यांनी. मग हेनारे उभा राहिला, त्याने रीपेकाचा हात धरला आणि आपल्या दोन आजोबांची नावं घेतली. पहिला पारातेने, दुसरा हाकोपा. दोन्ही एका श्वासात.

जेवताना पारातेनेच्या ताटात रताळी मी वाढली. उशीर का केलास ते मात्र विचारलं नाही. त्याची बाजू ऐकून घेण्याइतकं गोड मीही नाही वागणार एका दिवसात.

तुम्ही नव्हतात याची सारखी चुटपुट लागली. लोभ वाढवायचा की नाही ते पाहू, असं मी कधीतरी लिहिलं होतं. पाहिलं.

तुमची,
पिरिहिरा

*

मोएराकी,
१४ जून १९६१

प्रिय विहीणबाई,
साष्टांग नमस्कार. वि. वि. असं की साष्टांग खरोखर घातला, आता उठता येत नाही, नातू कागद धरून आहे.

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचलं, मग शेजारी मागून घेऊन गेले, अजून परत आलेलं नाही. माझी वंशावळ तुम्ही एकदा ऐकून पाठ म्हटलीत! इथे तीस वर्षं ऐकणाऱ्यांना चौथ्या रात्रीपुढे येत नाही. पुढच्या वेळी पोरांना बसवून शिकवण्याआधी त्यांना चांगला राग आणून देईन म्हणतो.

शनिवारी लग्नाच्या वेळेला मी बेटावर पावसात उभा राहिलो आणि उत्तरेकडे तोंड करून माझं भाषण केलं. ऐकायला पक्षी आणि चिंब झालेला एक जावई. गाणं कुणी म्हटलं नाही. जावई म्हणाला की आता आत या.

एक गोष्ट कबूल करायची आहे. ते भाषण मी महिनाभर मनात रचत होतो. तुमच्या एप्रिलच्या पत्रानंतर मला ते पहिलं भाषण करवेना. म्हणून मी ताकारोआला गाळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच. शून्य, रात्री आणि एकदम रांगी. माझ्या आजोबांनी कान उपटला असता, तरी ठरवलं होतं. तुमच्या डोळ्यांत पाणी येण्यापेक्षा तो बरा. होडी सुटली असती तर मी तुमच्या अंगणात येऊन माझ्याच नातीला लोंबकळत ठेवली असती, आणि तुम्ही बाकावर गप्प बसून राहिला असता.

वाऱ्याच्या देवाला यंदाच्या पिशवीतला पहिला पक्षी माझ्याकडून.

तुमच्या लोभातच,
तेओने